पवनेकाठचं ओकायामा

ओकायामा नावाच्या शहरात मी कधी गेलेलो नाही. तरीही तिथल्या नदीकाठच्या एका लहानशा हॉटेलात मी काही वर्षं राहिलो आहे, आणि ते हॉटेल चिंचवडला, पवनेच्या काठावर होतं. हे मी आजवर पुष्कळांना ऐकवलंय. ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग हातातल्या पेल्याकडे. पेल्यात ताक असतं, त्यामुळे त्याची फारच पंचाईत होते.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. पिंपरीच्या माळावर नुकती धुराडी उभी राहायला लागली होती. बाजरीचं शेत संपलं की मध्ये काही न सांगता कारखान्याची भिंत सुरू व्हायची. मी तारा ओढणाऱ्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात चिकटलो होतो. कामावर कोण किती उशिरा आलं ते लिहून ठेवायचं, हे माझं काम. ते मी मन लावून करत असे. फक्त ते करायला मलाच पोहोचायला जरा उशीर व्हायचा.

राहायला जागा मिळेना. चिंचवडात ज्याच्या घराला चार भिंती होत्या, तो त्यांच्यामध्ये खाटा भरत होता. एकेका खोलीत इतक्या खाटा, की कोपऱ्यातल्या माणसाला उठायचं तर आधी दाराजवळच्याला उठवावं लागे. असाच एका संध्याकाळी वळकटी घेऊन फिरत नदीवर उतरलो. काठावर पत्र्याच्या छपराच्या तीन खोल्या एका ओळीत होत्या, आणि पुढे ओट्यावर एक उंच, वाळका माणूस गुडघे मुडपून बसला होता. नदीकडे बघत. आपण सिनेमाकडे बघतो तसा.

"खोली आहे का भाड्यानं?"

"नदीकडची न्हाई. ती पाव्हण्याची हाय. मागची घ्या."

"पाहुणे कधी येणारेत?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. "पाव्हणं काय सांगून येत्यात व्हय?"

हे हवालदार. नाव होतंच त्यांना, पण गावात ते कुणी घेत नसे, त्यामुळे मीही घेत नाही. लढाई संपल्यावर जी हिंदी पलटण जपानात पहाऱ्याला गेली, तिच्यातले ते. ओकायामाला त्यांच्या साहेबाने नदीकाठचं एक छोटं हॉटेल गाठलं, सामान आत टाकलं, आणि पहिल्याच दिवशी तापाने फणफणून इस्पितळात गेला. हवालदारांना हुकूम झाला: साहेब येईपर्यंत ट्रंकांपाशी थांबायचं. हवालदार ट्रंकांपाशी उभे राहिले, बंदूक घेऊन. थोड्या वेळाने हॉटेलाची म्हातारी मालकीण आली. तिने बंदुकीकडे बघितलं नाही. यांचे बूट सोडले, हातपाय धुवायला पाणी दिलं, ऊन केलेला झगा अंगावर घातला आणि साहेबाच्या खोलीत नेऊन नदीसमोर बसवलं.

"आमी तिचा मुलूख जिंकून आल्यालो," हवालदार सांगायचे, "आन् ती माझं बूट सोडीत हुती. म्या म्हनलं, बाई, म्या साहेब न्हाई. तिला काय कळंना. मंग म्या गप बसलो. जलमात पयल्यांदा नुसता बसलो, बाबू. कुणी हाक मारली न्हाई."

साहेबाचा ताप उतरेपर्यंत हवालदार तिथे राहिले. ते दिवस किती, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. कधी चार म्हणत, कधी पंधरवडा. ऐकताना वाटे, अजून ते तिथून निघालेलेच नाहीत.

गावी परतल्यावर त्यांनी काळेवाडीकडचा जमिनीचा तुकडा विकला आणि नदीवर या तीन खोल्या बांधल्या. एकीत ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मागच्यात मी, आणि नदीकडची कायम रिकामी. जमिनीवर स्वच्छ चटई, कोपऱ्यात मडक्यात एखादी रानातली फांदी, आणि नदीच्या बाजूला भिंतीऐवजी सरकणारी दारं. जपानात त्यांना कागद लावतात म्हणे. हवालदारांनी जुन्या धोतराची पानं ताणून बसवली होती. सकाळी ऊन त्या धोतरातून गाळून खोलीत यायचं, आणि पवनेवरचं धुकं आत आलंय की बाहेर आहे, हे कळायचं नाही. गाव या सगळ्याला 'हवालदाराचं जपान' म्हणे. ते प्रेमाने म्हणत नसत.

त्यातही गाव खरं हसलं ते न्हाणीवर. त्या म्हातारीकडे लोखंडाच्या मोठ्या कढईत माणसं गरम पाण्यात बसत. तशी कढई कुठून आणायची? हवालदारांनी गुऱ्हाळातली एक जुनी काहील विकत घेतली. उसाचा रस आटवायची, आडवी-तिडवी, दोन माणसांनी मिठी मारावी अशी. तिला कडेने विटांचं जोतं, खाली चुलवण, आणि बूड भाजू नये म्हणून आत सागाची फळी. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका लांबूनच विचारायच्या, "वैनी, आज कुनाचा गूळ काढताय?"

पहिल्या दिवशी माझाच काढला. हवालदारांनी मला नियम नीट समजावले. आधी बाहेर अंग धुवायचं, मग पाण्यात नुसतं बसायचं; तुझ्यामागे मी बसणार, माझ्यामागे आमची मंडळी, पाणी तेच. ऐकून माझ्या अंगावर शहारा आला. आमच्या घरी एकाच्या तांब्याला दुसरा हात लावत नसे. पण नवा भाडेकरू, बोलणार कसा? काहिलीत बसलो आणि मला सद्बुद्धी सुचली: आपल्यामागे वडीलधारी माणसं याच पाण्यात बसणार, तर ते स्वच्छ ठेवणं आपलं कर्तव्य. म्हणून साबणाची अख्खी वडी पाण्यातच घोळली. बाहेर आलो तेव्हा काहिलीवर फेसाचा डोंगर उभा होता आणि तो डुलत होता. हवालदार रागावले नाहीत. कडेला उकिडवे बसून त्या डोंगराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जाऊ द्या. जपानात बरफाचा असतो असा."

आणि वहिनी त्या दिवशी नदीवर जाऊन गार पाण्याने आंघोळ करून आल्या. जाताना माझ्याकडे त्यांनी जे बघितलं, त्याला भाषा नाही.

झग्याचंही तसंच. मांजरपाटाचे निळीत बुडवलेले झगे होते, घरात शिरलं की ते घालायचे. मी घातला आणि ऐटीत ओट्यावर आलो, तर हवालदार ताडकन उठले. "मेलास का काय? उजवा पदर आत घे, डावा वर! तिकडं मढ्याला नेसवत्यात असा!" तेव्हापासून मी रोज संध्याकाळी झगा घालताना क्षणभर थांबायचो. निम्म्या वेळा मेलेलाच बाहेर यायचो.

पण माझ्या चुका घरातल्या घरात राहिल्या. चपलांचं प्रकरण गावाबाहेर गेलं. कुणी आत आलं की हवालदार त्याच्या चपला उचलून, पुसून, तोंडं दाराकडे करून ठेवायचे. जाताना पाहुण्याला वळावं लागू नये, पाय घातला की चालू लागावं. म्हातारीची रीत. पण आपल्याकडे आल्या-आल्या कुणी चपला बाहेरच्या बाजूला वळवून ठेवल्या, तर माणूस काय समजेल? वहिनींचा भाऊ पुनावळ्याहून पहिल्यांदा बहिणीचं घर बघायला आला. पाणी प्यायला टेकला नाही तोच त्याला आपल्या चपलांची दिशा दिसली. उठला. "दाजी, निघा म्हनायचं तर तोंडानं म्हना की! जोड्याकडनं कशाला सांगताय?" म्हणून जो गेला, तो वर्षभर फिरकला नाही.

फिरकला तेव्हा व्यापारी होऊन आला. दसऱ्याचं सोनं देऊन झाल्यावर त्याने ओट्यावर बसकण मारली. चपला स्वतःच हातात धरून ठेवल्या होत्या.

"अक्के, कारखान्याची पोरं खोल्या मागत फिरत्यात. ही एवडी खोली रिकामी, आन् तुझं लुगडं बघ. दाजींचा पाव्हणा काय येत न्हाई. या भाऊबीजेला ववाळनी म्हनून मी खाटाच घालतो. गाडीभर."

हवालदार वहिनींकडे बघत होते. वहिनी सुपात तांदूळ पाखडत होत्या. आजवर गाव हसलं, भाऊ रुसला, तरी त्यांनी खोलीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. त्या दिवशी हात थांबवला.

"दादाचं काय खोटं न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या रोज चटई झाडती, फांदी बदलती. कुनासाटी? भाऊबीजेपातूर वाट बगू. तवर कुनी येक रात मुक्कामाला ऱ्हायलं, तर खोली तुमची. न्हाईतर खाटा येऊ द्या."

हवालदारांनी मान डोलावली. पलटणीत हुकूम मिळाल्यावर डोलावत असतील तशी. पण त्यानंतर ते ओट्यावर बसले की नदीकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त बघू लागले. मला ते बघवेना. म्हणजे हल्ली मी असं सांगतो. खरं म्हणजे खोलीत खाटा आल्या तर काहिलीपुढे रांग लागेल, ही मला धास्ती होती.

आमच्या कारखान्यात तेव्हा जपानहून यंत्रं आली होती आणि ती बसवायला एक जपानी इंजिनिअर. बुटका, टापटीप, उन्हातही कोट. गेस्ट हाउसात एकटा राहायचा. इंग्रजी माझ्याइतकंच बोलायचा, म्हणजे दोघांचं छान जमे. मी एक दिवस छातीठोकपणे सांगितलं, "आमच्याकडे नदीकाठी जपानी हॉटेल आहे." त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्याने टोपी काढून डोकं पुसलं. दिवाळीत कारखाना बंद, गेस्ट हाउसचा खानसामा गावी जाणार. पाडव्याला मुक्कामी यायचं ठरलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा हवालदार ओट्यावर होते. उठून धोतराची दारं धुवायला काढली.

पाडव्याचा दिवस उजाडला. वहिनींनी भात, सारासारखी पातळ आमटी, नदीतले मासे, सगळं लहान लहान वाट्यांत मांडून ठेवलं, नैवेद्यासारखं. हवालदार चटईवरचा न दिसणारा कचरा वेचत होते. आणि मला फक्त काहिलीचा जाळ बघायला सांगितलं होतं. फक्त जाळ.

मी जाळ बघत बसलो आणि मनात आलं, दिवाळी आहे. परमुलखातला माणूस, घरदार लांब, त्याला पाडव्याला नुसत्या पाण्यात बसवायचं? आमच्याकडे गड्यालाही या दिवसांत सुवासिक तेल लावतात. घरातून बाटली आणली आणि अर्धी काहिलीत ओतली. तेल पाण्यावर पसरलं, इंद्रधनुष्यासारखं. सुंदर दिसलं. मग लक्षात आलं की यातून तो माणूस तळलेल्या कडबोळ्यासारखा बाहेर येईल. तेलकट भांड्याला काय लावतात? लिंबू. परसात इडलिंबाचं झाड होतं, पिवळीधमक फळं लटकलेली. ओरबाडून आणली, टराटरा चिरली, दिली सोडून. तेल काही हटलं नाही. आता पाण्यावर तेल होतं, आणि तेलात फळं.

तेवढ्यात कंपनीची गाडी वाजली. हवालदार पाणी बघायला आले आणि काहिलीपाशी थिजले.

"बाबू," ते अगदी हळू म्हणाले, "हे काय केलंस रं? लोनचं घातलंस व्हय?"

बोलायला वेळ नव्हता. पाहुणा दारात होता. हवालदारांनी कमरेत वाकून आपले ठेवणीतले चार जपानी शब्द काढले. पाहुणाही वाकला. बूट काढून आत गेला, आणि हवालदारांनी ते पुसून, तोंडं बाहेर करून ठेवले, तेव्हा तो वळून त्या बुटांकडे बघत उभा राहिला. मग झगा घेऊन न्हाणीत गेला. मी आणि हवालदार बाहेर भिंतीला टेकून. आतून पहिल्यांदा पाण्याचा आवाज आला. मग काहीच नाही. पुष्कळ वेळ काहीच नाही.

"बुडाला का?" मी विचारलं.

"तू गप."

तो बाहेर आला तेव्हा संध्याकाळ उतरत होती. झगा बरोबर नेसलेला, तोंड तेलाने चमकत होतं, आणि हातात इडलिंबाची एक फोड. नदीकडच्या खोलीत जाऊन बसला. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं. पाण्यावर शेवटचा उजेड होता, घराघरांतल्या पणत्यांचा धूर त्यावर हलके तरंगत होता. जेवण पुढे ठेवलं. त्याने प्रत्येक वाटी दोन्ही हातांनी उचलून थोडं थोडं खाल्लं. मग माझ्याशी बोलला. बोलायचं हवालदारांशी होतं, म्हणून एकेक वाक्य झाल्यावर थांबायचा, मी मराठीत सांगेपर्यंत.

तो म्हणाला, आमच्याकडचं हॉटेल असं नसतं. दारं अशी नसतात, झगा असा नसतो. हवालदारांचा चेहरा पडला. तो म्हणाला, पण हिवाळ्यातला सगळ्यात लहान दिवस असतो, त्या दिवशी माझी आई पाण्यात अशीच पिवळी फळं सोडायची. पाण्यात बसून मी डोळे मिटले. उघडायला फार वेळ लागला.

मग तो गुडघ्यांवर आला. हवालदारांसमोर कपाळ चटईला लागेल इतका वाकला आणि म्हणाला, मी राहू शकत नाही. मला पावसाळ्यापर्यंत इथे काम आहे. आज या खोलीत झोपलो, तर उद्या घरी जाग येईल असं वाटेल. आणि सकाळी घर नाही हे दिसलं, की मला सोसायचं नाही.

बूट दाराकडे तोंड करून तयार होते. पाय घातला आणि चालू लागला. गाडी गेली.

हवालदार ओट्यावर उभे होते. "आपलं बरोबर हुतं, बाबू," ते म्हणाले. "लई बरोबर झालं. म्हनून गेला."

पण मुक्काम झाला नव्हता. आत गादी अंथरलेली, मासे अजून कोमट, काहील भरलेली. वहिनी आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात आल्या. पाडवा, नवऱ्याला ओवाळायचं राहिलं होतं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

"बसा पाटावर. जे झालं ते झालं. उद्या दादा यील. माझ्या मनात काय न्हाई."

ओवाळून झालं. हवालदारांनी खिसे चाचपले. दरवर्षी एक चोळीचा खण असायचा. यंदा पाहुण्याच्या गडबडीत आणायचाच राहिला होता. ते ताटाकडे बघत बसले. मग उठले, दारात गेले आणि वहिनींच्या वहाणा उचलून आपल्या धोतराने पुसल्या.

"आवो! हे काय करताय? बाबू बगतोय!"

"बाबू आज नोकर हाय. नोकर बगत नसतो. जा रं, जाळ सार."

मी पळालो. त्या दिवशी वहिनी काहिलीत पहिल्यांदाच आमच्या आधी बसल्या. इतकी वर्षं सगळ्यांच्या शेवटी, निवलेल्या पाण्यात त्या कशाबशा अंग बुडवून निघायच्या. मी भिंतीपलीकडे पाठ करून लाकडं सारत होतो. आतून आवाज आला, "पानी असं असतंय व्हय?" प्रश्न कुणाला होता, कुणास ठाऊक. मी नोकर. आणखी एक लाकूड सारलं.

झगा त्यांनी साफ नाकारला. शेवटी लुगड्यावरून शालीसारखा ओढून घेतला आणि नदीकडच्या खोलीत अवघडून टेकल्या. हवालदार वाटी घेऊन आले की अर्ध्या उठायच्या, ते म्हणायचे "बसा," की पुन्हा बसायच्या. वाढता वाढता त्यांनी दार पूर्ण सरकवलं. बाहेर पवना काळसर निळी झाली होती, पलीकडच्या वस्तीतले दिवे तिच्यात लांबत, तुटत, पुन्हा जुळत होते. वहिनी घास हातात धरून बघत राहिल्या.

"काय झालं?" हवालदारांनी विचारलं. "नदी कवा बगितली न्हाई का?"

"धुनं बगितलं," वहिनी म्हणाल्या. "नदी आज बगितली."

हवालदार ट्रंकांपाशी उभे असावेत तसे दाराशी उभे होते. त्यांनी दार अलगद ओढून घेतलं आणि ओट्यावर येऊन आडवे झाले. मीही माझ्या खोलीत गेलो. अंगाला इडलिंबाचा वास येत होता आणि मला वाटत होतं, खोल्या तिन्ही हलक्या होऊन पाण्यावरून निघाल्यात, कुठल्या शहराकडे ते त्यांनाच माहीत.

सकाळी बैलांच्या घुंगरांनी जाग आली. पुनावळ्याहून गाडी आली होती, सुतळीच्या खाटा एकीवर एक रचलेल्या. मेव्हणा नवा फेटा बांधून होता. हवालदार खराटा घेऊन उभे, खोली रिकामी करून द्यायला. हरलेला माणूस कसा व्यवस्थित असतो, ते मी तेव्हा पाहिलं.

"काय दाजी, राहिला का तुमचा पाव्हणा?"

"न्हाई. सांजच्यालाच गेला."

"मंग बोलनंच खुटलं. चल रं गाडीवान, घे येकेक उतरून."

त्याने जाऊन नदीकडच्या खोलीचं दार ओढलं. हलेना. जोर लावला. आतून खिट्टी होती.

"कोन हाय?" आतून झोपेतला आवाज.

"अक्के? म्या, दादा! भाऊबीज हाय आज! खाटा आनल्यात!"

आत कूस बदलल्याचा आवाज झाला.

"मागं ने त्या," वहिनी म्हणाल्या. "इतं मुक्कामाला मानूस हाय. उटल्यावर ववाळीन. तवर वरडू नगंस."

मेव्हणा आ वासून हवालदारांकडे वळला. हवालदारांनी खराटा हळूच भिंतीला टेकवला आणि ओठांवर बोट ठेवलं.